चाळिशीनंतरचा घटस्फोट: घर, देव आणि कमाई पुन्हा उभी करताना

घटस्फोटाचा हुकूमनामा हातात पडला की येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो, "झालं ते झालं, आता नव्याने सुरुवात कर." नव्याने सुरुवात विशीत करता येते. पंचेचाळिशीत मुलगी बारावीला असते, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर असतं, नोकरीत पंधरा वर्षांचा खंड पडलेला असतो आणि देव्हाऱ्यातले देव कुणाकडे राहणार हेसुद्धा ठरायचं असतं. सगळं एकदम हातात घेतलं की काहीच धड होत नाही. म्हणून या लेखात मी मुख्यतः क्रम सांगणार आहे: आधी कागद, मग पैसा, मग माहेर आणि मुलं, मग देव, मग काम.

या सगळ्याच्या मुळाशी माझं एकच म्हणणं आहे. तुम्ही आता कुटुंबप्रमुख आहात. माहेरी परत आलेली मुलगी किंवा कुणाची तरी 'माजी' अशी तुमची ओळख इतरांनी ठरवायच्या आत तुम्ही स्वतःला कुटुंबप्रमुख मानायला लागा. पुढचा प्रत्येक निर्णय त्या जागेवरून घ्यायचा आहे.

लिहिताना डोळ्यांसमोर बायका आहेत, कारण घर, पैसा आणि सणवार या तिन्ही ठिकाणी जास्त अडवणूक त्यांचीच होते. मुलं, मृत्युपत्र, आरोग्य विमा हे भाग पुरुषांनाही जसेच्या तसे लागू आहेत. कायद्याचा तपशील हिंदू विवाह कायदा, १९५५ धरून आहे. गोव्यात लग्नाची नोंद झालेल्यांसाठी हिशेब वेगळा आहे: लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर तिथल्या नागरी कायद्याने दोघांची मालमत्ता सामायिक धरली जाते आणि घटस्फोटात तिचे निम्मे-निम्मे वाटे होतात. तिथे गोव्याचाच वकील गाठा.

पहिली पायरी: कागद

हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती एकदमच चार-पाच काढून घ्या. पासपोर्ट, बँक, सोसायटी, मुलांची शाळा, पुढे कधी घर विकायचं झालं तर सब-रजिस्ट्रार, प्रत्येकाला कधी ना कधी ती लागते, आणि दर वेळी नक्कल विभागात नवा अर्ज करत बसणं जिवावर येतं. एक प्रत घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेवा.

परस्पर संमतीने घटस्फोट घेत असाल आणि अजून शेवटची तारीख व्हायची असेल, तर कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींचा कागद, पेन्सिल घेऊन वाचा. प्रत्येक रकमेपुढे तारीख आणि खातं हवं. "मुलांच्या शिक्षणाचा खर्च वडील करतील" एवढ्यावर समाधान मानू नका. कॉलेजची फी, होस्टेल, क्लास, लॅपटॉप, शिक्षण कुठल्या वर्षापर्यंत, हे सगळं लिहून घ्या. कायद्यातली पोटगी साधारणपणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांसाठी असते. इंजिनिअरिंग आणि मेडिकलचे मोठे खर्च नेमके अठरा पूर्ण झाल्यावर येतात, म्हणून ते वाक्य आत्ताच पक्कं करायचं.

एकतर्फी किंवा लढवलेल्या दाव्यात निकाल लागला असेल, तर अपिलाची मुदत ९० दिवस आहे. ती संपेपर्यंत, किंवा अपील झालंच तर ते निकाली निघेपर्यंत, दुसऱ्या लग्नाचा विचार कागदावर आणू नका.

दावा अजून चालू असेल आणि वकिलाची फी झेपत नसेल, तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१०० आहे. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ते घालून दिलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी असंही सांगितलं. त्यामुळे अर्ज लांबवण्यात नुकसान तुमचंच आहे.

नावाचं काय करायचं? आडनाव बदललंच पाहिजे असा कुठलाही नियम नाही. वीस वर्षं ज्या नावाने पगार घेतला, ज्या नावाने मुलांच्या दाखल्यावर आई म्हणून नोंद आहे, ते ठेवलं तरी तुमच्या स्वाभिमानाला काही बाध येत नाही. बदलायचं असेल तर मात्र एकदाच आणि क्रमाने बदला: आधी शासन राजपत्रात जाहिरात, मग आधार, मग पॅन, मग बँक आणि पीएफ, शेवटी पासपोर्ट. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, म्हणून स्पेलिंगसुद्धा नीट ठरवून जा. आधार एका नावाने आणि पॅन दुसऱ्या नावाने अशी अवस्था फार दिवस राहिली की पीएफचे दावे आणि बँकेचं केवायसी अडकतं. पासपोर्टसाठी डिसेंबर २०१६ पासून नियम सोपा झाला आहे. घटस्फोटितांना अर्जात माजी जोडीदाराचं नाव देण्याची सक्ती नाही.

आता रेशनकार्ड. मध्यमवर्गीय घरात हा कागद कपाटाच्या तळाशी पडलेला असतो, म्हणून मुद्दाम सांगते. जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला घ्या आणि शिधावाटप कार्यालयात किंवा तहसीलमध्ये स्वतःचं आणि सोबत राहणाऱ्या मुलांचं वेगळं कार्ड काढा. अर्जात सगळ्यात वर 'कुटुंबप्रमुखाचे नाव' असा रकाना असतो. तिथे स्वतःचं नाव लिहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली सर्वांत मोठी सज्ञान स्त्रीच शिधापत्रिकेची कुटुंबप्रमुख धरली आहे. हे कार्ड केवळ धान्यापुरतं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि रुग्णालयात पहिला कागद हाच मागतात. हातात उत्पन्न अगदीच नसेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि लाडकी बहीण योजना, दोन्हींत घटस्फोटित स्त्रियांचा उल्लेख आहे. सेतू केंद्रात उत्पन्नाच्या अटी विचारून घ्या.

दुसरी पायरी: पैसा

संयुक्त खातं बंद करा, लॉकर वेगळं करा, माजी नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावरचं तुमच्या नावाचं अॅड-ऑन कार्ड परत करा. हे एका आठवड्याचं काम आहे.

गृहकर्ज मात्र वेगळी गोष्ट आहे. कोर्टाने "हप्ते पती भरतील" असं म्हटलं तरी कर्जाच्या करारावर तुमची सहकर्जदार म्हणून सही असेल, तर बँकेच्या लेखी तुम्ही कर्जदारच आहात. त्यांनी हप्ता चुकवला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तुमचंही खराब होतं, आणि पुढे स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला गेलात की ते समोर येतं. बँकेकडून तुमचं नाव कमी केल्याचं लेखी पत्र घ्या, किंवा ते कर्ज त्यांनी एकट्याच्या नावावर नव्याने घ्यावं अशी अट घाला. घर तुमच्या नावावर होणार असेल तर ते शक्यतो हुकूमनाम्याआधी किंवा हुकूमनाम्यातूनच व्हावं. महाराष्ट्रात पती-पत्नी आणि मुलं यांच्यातल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वरचे इतर खर्च वेगळे. घटस्फोटानंतर तुम्ही कायद्याने पत्नी राहत नाही आणि ही सवलत हातची जाते. त्यानंतर सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायला विसरू नका.

एकरकमी पोटगी मिळाली असेल तर पहिलं वर्षभर तिला हात लावू नका, हा माझा ठाम आग्रह आहे. त्या वर्षात सगळेच सल्ला देतात. कुणी प्लॉट सुचवतं, भाच्याला धंद्यासाठी उसने हवे असतात, बँकेतला ओळखीचा माणूस विम्याची पॉलिसी गळ्यात मारतो. रक्कम दोन-तीन बँकांत मुदतठेवीत टाका. ठेव विमा महामंडळाचं संरक्षण प्रत्येक बँकेमागे पाच लाखांपर्यंत आहे आणि ते सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थांना ते नाही. गल्लीतल्या पतसंस्थेचा एक-दीड टक्का जास्त व्याजदर पाहून आयुष्याची पुंजी तिथे ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्यासाठीच हे वाक्य लिहिते आहे.

कराबद्दल थोडक्यात: एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची धरली जाते आणि तिच्यावर सहसा आयकर लागत नाही. दरमहा मिळणारी पोटगी उत्पन्न धरली जाते. मुंबई उच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हा फरक स्पष्ट केला होता. ठेवींवरचं व्याज अर्थातच करपात्र आहे.

आरोग्य विमा ताबडतोब. नवऱ्याच्या ऑफिसच्या मेडिक्लेममधून तुमचं नाव निघालेलं असतं आणि ते कुणी सांगत नाही. चाळिशीनंतर बीपी, थायरॉईड, साखर यांपैकी काहीतरी असतंच. आधीपासूनच्या आजारासाठी आता जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून घड्याळ आजच सुरू करा. प्रस्तावात आजार लपवू नका, दावा नाकारण्याचं ते पहिलं कारण ठरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही.

मग नॉमिनी. बँक, पीएफ, म्युच्युअल फंड, विमा, डीमॅट, एकेक उघडून पाहा. पीएफचं ई-नॉमिनेशन यूएएन पोर्टलवर घरबसल्या बदलतं. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जयानंद साळगावकर यांच्या कुटुंबातल्या शेअर्सच्या वादात तेच पुन्हा सांगितलं. म्हणून मृत्युपत्र करा. घटस्फोट झाला म्हणून जुनं मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी मृत्युपत्र होतं, नोंदणी केली तर उत्तम. मुलं अठराच्या आत असतील आणि तुमचं काही बरंवाईट झालं, तर त्यांच्या वाट्याचा पैसा सांभाळण्याचा हक्क सहसा नैसर्गिक पालक म्हणून वडिलांकडे जातो. तसं नको असेल तर व्यवस्थापक किंवा विश्वस्त नेमायचं कलम वकिलाकडून घालून घ्या.

तिसरी पायरी: माहेर

माहेरी राहायला जाणं यात कमीपणा काहीच नाही. पण न ठरवता राहणं घातक आहे. पहिल्या महिन्यात वहिनी ताट वाढून आणून देते, सहाव्या महिन्यात फ्रिजमधल्या दुधावरून कुरबुर होते, आणि आई दोघींच्या मध्ये सापडते. दोष कुणाचाच नसतो. त्या घराची घडी तुमच्याशिवाय बसलेली असते.

म्हणून पहिल्याच आठवड्यात, भाऊ आणि वहिनी दोघंही समोर असताना बोला. काय बोलायचं ते अगदी सरळ असू द्या:

"दादा, वहिनी, मी मार्चपर्यंत इथे राहते. महिन्याला आठ हजार घरखर्चाला देईन. आई-बाबांच्या दवाखान्याचं मी बघते, सकाळचा स्वयंपाक माझा. मार्चनंतर जवळच भाड्याने घर घेईन. सईची परीक्षा आहे, तेवढी मधली खोली तिला लागेल."

रक्कम कितीही असो, ती दर महिन्याच्या एक तारखेला द्या, आणि वहिनीच्या हातात द्या. घर ती चालवते. भाऊ "कशाला देतेस" म्हणेल, तरीही द्या. पैसे देणाऱ्या माणसाला घरात मत असतं.

आणि एक जपा: हक्कसोडपत्र. वडील गेल्यानंतर किंवा त्यांच्या आजारपणात, बहुधा एखाद्या भाऊबीजेच्या आसपास, एक कागद पुढे येतो. "ताई, फक्त सही हवी आहे, सातबारा साफ करायचा आहे." २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हिस्सा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालाने त्यातल्या बऱ्याच शंका मिटवल्या. लग्न झालं, मोडलं, याने त्या हिश्श्यात फरक पडत नाही. वडिलांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेचं त्यांनी मृत्युपत्र केलं असेल तर ते चालतं, तो भाग वेगळा. तुम्हाला हिस्सा सोडायचा असेल तर जरूर सोडा, भावाबहिणीचं नातं पैशाहून मोठं असू शकतं. पण घटस्फोटानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सोडू नका, आणि महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा आणि फेरफार स्वतः पाहिल्याशिवाय तर मुळीच नाही. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे फिरवणं फार अवघड असतं. "मला वर्षभर थांबायचं आहे" एवढं उत्तर पुरेसं आहे.

मुलं

पंधरा-सतरा वर्षांच्या मुलांना सगळं कळत असतं, फक्त ती बोलत नाहीत. त्यांना निरोप्या करू नका. "बाबांना सांग फी भरायची आहे" हे वाक्य घरातून हद्दपार करा. पैशाचं बोलणं थेट, लेखी, ईमेल किंवा मेसेजवर करा. त्याचा पुढे पुरावाही राहतो.

भेटींचं वेळापत्रक इंग्रजी महिन्यांवर न लावता आपल्या सणांवर लावा, कारण भांडणं तिथेच होतात. गणपतीचे कुठले दिवस कुठे, दिवाळीत पाडवा कुणाकडे आणि भाऊबीज कुठे, मे महिन्याच्या सुट्टीचे दोन भाग कसे. हे जूनमध्येच, शाळा उघडताना ठरवून कागदावर घ्या. दहावी-बारावीच्या वर्षात जानेवारीपासून भेटी मुलांच्या अभ्यासाने ठरतील, हे दोघांनी मान्य करून टाका.

सासरच्या आजी-आजोबांशी मुलांचं नातं तोडू नका. तुमचा राग त्यांच्या मुलावर असेल, कदाचित त्यांच्यावरही असेल, आणि तो खरा असेल. पण आजीच्या हातचा लाडू खायला जाणारं मूल तुमच्याशी फितूर होत नसतं. जिथे मारहाण, दारू किंवा धमक्या होत्या तिथे हा सल्ला लागू नाही. तिथे भेट कोर्टाच्या देखरेखीतच होऊ द्या.

शाळेत वर्गशिक्षकांना एकदा भेटून मोजक्या शब्दांत सांगा. मुलाची झोप उडाली असेल, ते जेवत नसेल किंवा "जगून काय करायचं" असं काही बोललं, तर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तो तुमच्यासाठीही आहे.

चौथी पायरी: देव आणि सणवार

याबद्दल वकील बोलत नाहीत, समुपदेशकही फार बोलत नाहीत. खरं तर घटस्फोटित बाईला एकटेपणा सर्वांत जास्त टोचतो तो सणाच्या दिवशी.

देव्हाऱ्यापासून सुरुवात करू. लग्नात गौरीहर पूजताना जी अन्नपूर्णा तुमच्यापुढे होती, ती आईने तुमच्याबरोबर पाठवलेली असते. बाळकृष्णही बहुतेक घरांत माहेरूनच येतो. ते दोन्ही तुमचे. कुलदैवताचे टाक सासरच्या घराण्याचे असतात, ते तिथेच राहू द्या. यात भांडण होऊ नये, आणि झालंच तर लक्षात ठेवा की माहेरून आलेली चांदीची भांडी, दागिने, पूजेची उपकरणी हे सगळं स्त्रीधन आहे. त्याची मालक पत्नीच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा रानी खटल्यात सांगितलं आहे. कन्सेंट टर्म्सच्या यादीत सोन्याबरोबर अन्नपूर्णाही लिहा. नव्या घरात पहिल्या दिवशी वाटीभर तांदळांवर तिला बसवा. त्यासाठी मुहूर्त आणि गुरुजी दोन्ही लागत नाहीत.

मंगळसूत्राचं काय करायचं, हे घाईने ठरवू नका. कुणी ते आटवून मुलीसाठी साखळी करतं, कुणी लॉकरमध्ये ठेवून देतं, कुणी मोडून त्या पैशांत कोर्स करतं. तिन्ही योग्य आहेत. कुंकवाबद्दल मात्र मनात शंकाही आणू नका. टिकली तुम्ही परकर-पोलक्यात होतात तेव्हापासून लावत आलात. ती लग्नाने आली नव्हती, लग्नाबरोबर जाणार नाही.

कुलदैवत माहेरचं मानायचं की सासरचं? मुलं वडिलांचं आडनाव लावत असतील तर त्यांचे कुळाचार तिकडचे राहतील, आणि तुम्ही त्यांना दोन्हीकडे नेऊ शकता. तुळजापूरला, जेजुरीला, कोल्हापूरला दर्शनाच्या रांगेत कुणी लग्नाचा दाखला मागत नाही.

गणपती एकट्या बाईने बसवायला काहीही हरकत नाही, दीड दिवसाचा आणा. गौरींच्या बाबतीत मुखवटे, साड्या, सोळा भाज्या हा सगळा व्याप पहिल्या वर्षी झेपणार नाही. कोकणात बऱ्याच घरांत असतात तशा खड्यांच्या गौरी आणा. पाणवठ्यावरचे खडे, हळदीकुंकू, भाकरी-भाजीचा नैवेद्य. सत्यनारायण किंवा वास्तुशांत करायची असेल तर गुरुजींना फोनवरच सांगा की यजमान मी एकटी आहे. नकार मिळाला तर दुसरे गुरुजी शोधा. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने स्त्री-पुरोहित तयार केल्या आहेत, त्यांना असं सांगताना अवघडायला होत नाही.

हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही, हे दुःख बायका कुणाला सांगत नाहीत. त्यावर मला एकच उपाय पटतो: स्वतः करा. संक्रांत ते रथसप्तमी एवढे दिवस हाताशी असतात. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना बोलवा. नवरा असलेली, नसलेली, लग्न न केलेली, सगळ्यांना तोच तिळगूळ आणि तेच वाण. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. एक गाव ठराव करू शकतं, तर आपला मजला एक संध्याकाळ नक्की करू शकतो. चार जणी येणार नाहीत. ज्या येतील त्या तुमच्या.

देवावरच राग आला असेल, पूजेला बसवत नसेल, तर बसू नका. वर्षभर दिवा लावला नाही तर काही बिघडत नाही. परत यावंसं वाटेल तेव्हा लहानसं काहीतरी धरा: संध्याकाळची दहा मिनिटं, हरिपाठाचे दोन-तीन अभंग, किंवा नुसतं शांत बसणं. हे सगळं मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ आहे असं सांगणाऱ्यापासून, आणि त्यावर शांती सुचवून हजारोंची पावती फाडणाऱ्यापासून लांब राहा. दुःखी माणसाची श्रद्धा विकत घेणारे लोक आजूबाजूला फार आहेत.

चालायची ताकद असेल तर वारीला जा. ओळखीतल्या दिंडीत आधी नाव नोंदवा, म्हणजे जेवण, तंबू आणि सामानाच्या ट्रकची सोय होते. आळंदीहून पूर्ण वाटचाल तीन आठवड्यांच्या आसपास असते, पण पुणे ते सासवड एवढाच दिवे घाटाचा टप्पा चाललात तरी चालतं. तिथे सगळ्याच एकमेकींना माउली म्हणतात, नवऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. ज्यांना कर्मकांड नको त्यांच्यासाठी इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर आहे, त्याला फी नाही. फक्त मन अगदीच ढासळलेलं असताना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय, दहा दिवसांच्या मौनात जाऊ नका. बौद्ध भगिनींना रविवारची विहारातली वंदना हा जुना आधार आहेच. वसईकडच्या कॅथलिक भगिनींना एक सांगायला हवं: नुसत्या दिवाणी घटस्फोटामुळे ख्रिस्तप्रसाद बंद होत नाही. चर्चमध्ये पुन्हा लग्न करायचं असेल तरच आधीचा विवाह रद्दबातल ठरवण्याची प्रक्रिया लागते, आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ती बरीच सुटसुटीत केली. धर्मगुरूंना थेट विचारा.

पाचवी पायरी: काम

पहिली नोकरी आवडीची असली पाहिजे असा हट्ट धरू नका. पहिली नोकरी पगाराच्या स्लिपसाठी करा. स्लिप असली की भाड्याचं घर मिळतं, कर्ज मिळतं, आणि मुख्य म्हणजे पीएफ सुरू होतो.

मध्यमवयात एक हिशेब फार महत्त्वाचा आहे. ईपीएफच्या पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि पेन्शनचं वय ५८ आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी लागलात तर दहा वर्षं आरामात बसतात. पन्नाशीला लागलात तर बसत नाहीत. २०१४ च्या सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० पेक्षा जास्त असेल, तर या पेन्शन योजनेत प्रवेशच नाही, हेही बघा. पण लग्नाआधी किंवा मुलं होण्याआधी तुम्ही चार-पाच वर्षं नोकरी केली असेल आणि तेव्हा पेन्शनचे पैसे काढले नसतील, तर ती वर्षं जोडता येतात. जुन्या कंपनीची कागदपत्रं शोधा आणि पीएफ कार्यालयात स्कीम सर्टिफिकेटबद्दल विचारा. ज्यांना हे बसणार नाही त्यांनी एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना) दरमहा थोडं टाकायला सुरुवात करावी.

शिक्षण अर्धवट राहिलं असेल तर दहावी-बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. त्याची अभ्यासकेंद्रं तालुक्याच्या गावांतही आहेत आणि तिथे तुमच्या वयाच्या पुष्कळ जणी भेटतात. सरकारी नोकरीच्या मागे लागायचं असेल तर आधी वयाची अट बघा. राज्य सेवेत साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ अशी मर्यादा आहे. ती ओलांडली असेल तर क्लासवाल्यांना फी देऊ नका.

पदवीधर बायकांना मी आवर्जून जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका, सुचवते. सहकार खात्याची ही परीक्षा वर्षातून एकदा होते. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्था अमाप आहेत आणि त्यांचे हिशेब, सभांची इतिवृत्तं, थकबाकीच्या नोटिसा नीट ठेवणारी माणसं मिळत नाहीत. सोबत टॅली आणि जीएसटीचं जुजबी ज्ञान असलं की तीन-चार सोसायट्यांचं काम हातात घेऊन घराजवळ, आपल्या वेळेत कमाई होते. पन्नाशीची, शांतपणे बोलणारी बाई सोसायटीच्या कमिटीला पोरसवदा मुलापेक्षा जास्त विश्वासाची वाटते. वय इथे तुमच्या बाजूने आहे.

बायोडेटात खंड लपवू नका. "२००९ ते २०२४ कुटुंबाची जबाबदारी" अशी सरळ एक ओळ लिहा आणि त्या काळात केलेलं मोजता येण्यासारखं काम खाली मांडा: सोसायटीची खजिनदार, बचत गटाचे हिशेब, घरच्या शिकवण्या. मुलाखतीत घटस्फोटाबद्दल विचारलं तर "आता मी पूर्ण वेळ काम करू शकते" एवढंच सांगून पुढच्या प्रश्नाकडे वळा.

पोळी-भाजी, फराळ, मसाले हा मार्ग सगळेच सुचवतात. चालतोही. पण आधी वही घेऊन बसा. शंभर पोळ्यांना कणीक, तेल, गॅस, पॅकिंग किती, आणि तुमचे तास किती. त्या तासांना गावात स्वयंपाकाच्या बाईंना मिळतो तेवढा तरी दर लावा. तो लावूनही चार पैसे उरत असतील तरच तो धंदा आहे. खाद्यपदार्थ विकण्यासाठी लागणारी एफएसएसएआयची नोंदणी करा, छोट्या धंद्यांसाठीची उद्यम नोंदणी मोफत आहे ती करा, भांडवल लागलं तर मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. पोटगीच्या ठेवीतून भांडवल घालू नका.

दुसरं लग्न किंवा सोबत

घाई नको आणि अपराधीपणाही नको. मुलांना शेवटी कळवण्याऐवजी आधी सांगा, परवानगी मागण्याच्या सुरात मात्र नको. समोरच्याचा हुकूमनामा स्वतः वाचा, अपिलाची मुदत संपली आहे का ते बघा, त्याच्यावर कुठली कर्जं आणि कुणाची पोटगी आहे ते विचारा. हे विचारायला लाजू नका, या वयात हीच खरी ओळख आहे. पुन्हा लग्न केल्यावर दरमहाची पोटगी सहसा बंद होते, तेव्हा तो आकडा वजा करून महिन्याचा हिशेब मांडा. विशेष विवाह कायद्याने नोंदणी केलीत तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. त्या ३० दिवसांत दोघांनीही आपापलं मृत्युपत्र नव्याने करा, दोन्हीकडच्या मुलांना त्यातलं काय कुणाचं हे सांगा, आणि राहतं घर कुणाच्या नावावर राहील ते लग्नाच्या आधी लिहून ठेवा.